केळकर संग्रहालयाची सहल: दीड तास, पाच वस्तू

पहिल्यांदा मी मुलांना पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेलं, तेव्हा चाळीस मिनिटांत तिन्ही मजले उरकून बाहेर आले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात ‘आमची सहल’ लिहायला सांगितलं. ३८ वह्यांपैकी ३१ वह्यांत उसाचा रस होता. संग्रहालयाच्या वाट्याला एकच वाक्य, ‘तिथे खूप जुन्या जुन्या वस्तू होत्या.’ एकाने तर लिहिलं होतं, ‘बाई सारख्या पुढे चला म्हणत होत्या.’ खरंच म्हणत होते मी.

मी पुरंदर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्या पहिल्या सहलीनंतर पाच वेळा मुलं घेऊन तिथे गेले, आणि दर वेळी काहीतरी चुकत चुकत आता एक पद्धत बसली आहे. हल्ली डिसेंबर उजाडला की आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक फोन करून विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

सगळ्यात आधी एक गणित. हे मी सातवीच्या मुलांनाही फळ्यावर घालते. संग्रहालयाच्या संग्रहात २०,००० च्या वर वस्तू आहेत, त्यातल्या साधारण २,५०० मांडलेल्या आहेत. तुमच्याकडे दीड तास आहे, म्हणजे ५,४०० सेकंद. एका वस्तूला किती सेकंद आले? दोन. त्यातच जिना चढायचा, पाणी प्यायचं आणि ‘बाई, ह्याने ढकललं’ ऐकायचं. म्हणून मी पाच वस्तू निवडते. पालकसभेत कोणीतरी विचारतंच, ‘एवढे पैसे भरून पाचच वस्तू?’ मी सांगते, पाच नीट बघतील, उरलेल्या बघायला तुम्ही रविवारी घेऊन जा. दोन-तीन पालक खरंच घेऊन गेलेत.

कागदपत्रं आणि गाडी

याबद्दल थोडक्यात, कारण हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी शेवटच्या आठवड्यात धावपळ होते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, प्रत्येक पालकाचं सहीचं संमतीपत्र, केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव. दहा मुलांमागे एक मोठं माणूस धरा, आणि मुली असतील तर शिक्षिका हवीच. शिक्षक कमी पडतात तिथे आम्ही दोन माता पालक नेतो. एस. टी.ची गाडी प्रासंगिक करारावर मिळते, शालेय सहलीला भाड्यात सवलत असते. आगारात महिनाभर आधी जा, डिसेंबर-जानेवारीत सगळ्याच शाळा रांगेत असतात. संग्रहालयाला शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या, त्यात मुलांची संख्या, इयत्ता, पोचायची वेळ. सवलतीचं तिकीट, फोटो काढायची परवानगी, सुट्टीचे दिवस, सगळं फोन करूनच विचारा. मागच्या वर्षीचं यंदा चालेल असं धरू नका.

बस संग्रहालयाच्या दारात उभी राहील ही आशा सोडा. नातूबाग म्हणजे बाजीराव रस्त्याचा गजबजलेला भाग. आम्ही उतरतो, चालकदादा गाडी लांब नेऊन लावतात. त्यांचा नंबर दोन शिक्षकांच्या मोबाइलमध्ये हवा, एकाच्या नको. एकदा माझ्या मोबाइलची बॅटरी संपली आणि ३८ मुलं भर दुपारी फुटपाथवर पाऊण तास ताटकळली. तेव्हापासून ही शिकवण.

आमच्याकडून जाताना दिवेघाट लागतो. घाटात निम्मी बस पिवळी पडते. सकाळी पोहे, भजी असलं काही खायला देऊ नका असं पालकांना सांगा. तरी देतातच. मग आवळासुपारी, लिंबू आणि कॅरीबॅगा पुढच्या सीटवर ठेवा.

आधी एकटं जाऊन या

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते सहल इथेच बसते किंवा फसते. आधीच्या एखाद्या रविवारी एकट्याने जा. कुठे काय आहे, कुठल्या दालनात दहा मुलं उभी राहू शकतात, कुठे चारही मावत नाहीत, जिना किती अरुंद आहे, स्वच्छतागृह कुठे, पाणी कुठे, हे बघून या. आणि आपल्या पाच वस्तू ठरवून या. निवडताना मी एकच कसोटी लावते: हिचा एखादा गरीब भाऊबंद आमच्या मुलांच्या घरात आहे का?

या संग्रहालयाची गंमतच ती आहे. तलवारी, मूर्ती, चित्रं आहेतच, पण खरा जीव आहे तो घरातल्या वस्तूंत. अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, फण्या, स्वयंपाकाची भांडी, टाचा घासायच्या वज्र्या. शहरातल्या इंग्रजी शाळेची मुलं शेजारून पाटी वाचत जातात, आणि आमची सहावीतली पोरगी वज्रीसमोर थांबून म्हणते, ‘बाई, ही तर आमच्या न्हाणीत आहे. पण आमची दगडाची आहे, हिच्यावर पक्षी नाही.’ त्या क्षणी ती त्या खोलीतली सगळ्यात जाणकार व्यक्ती असते. हे तिला कळलं पाहिजे, एवढ्यासाठीच तर आपण घाट उतरून आलेलो असतो.

आठवडाभर आधी वर्गात

दोन कामं. पहिलं, राजाची गोष्ट.

मुलांना वाटतं ‘राजा’ म्हणजे मुकुटवाला. मी सांगते, राजा हा दिनकर गंगाधर केळकरांचा मुलगा. सात वर्षांचा असताना गेला. वडिलांनी त्याचं नाव संग्रहालयाला दिलं. केळकरांचा जन्म १८९६चा, घरचा धंदा चष्म्याचा, आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. साधारण १९२० पासून ते वस्तू गोळा करू लागले. गावोगाव हिंडायचे, लोकांच्या माळ्यांवर, अडगळीत पडलेलं बघायचे, मागायचे, विकत घ्यायचे. पत्नी कमलाबाई या कामात सोबत होत्या. १९९० साली केळकर गेले. त्याआधीच त्यांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला होता.

ही गोष्ट सांगितली की वर्ग गप्प होतो. सात वर्षं म्हणजे दुसरीतलं मूल, हे त्यांना लगेच कळतं. कोणाच्या घरात असं घडलेलं असू शकतं, म्हणून मी त्यावर जास्त रेंगाळत नाही. पण सांगितल्याशिवाय नेतही नाही, कारण मग तिथे प्रत्येक दिव्यासमोर मुलं विचारतात, ‘हा त्यांना कुठल्या गावात मिळाला असेल?’ आमच्याही गावात आले असतील का, यावर एकदा बसमध्ये जोरदार भांडण झालं होतं.

दुसरं काम आजीकडचं. प्रत्येकाने घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, आता वापरात नाही अशी एखादी वस्तू सांग, आणि तिचं नाव लिहून आणायचं. फळा भरून जातो: घंगाळ, चंची, पायली, मापटं, चिपटं, मोट, ठाणवई, रहाट. यातून मोजमापांचा एक तास आपोआप निघतो. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मी पुस्तक उघडत नाही, आज्या शिकवतात. जेजुरी आमच्याच तालुक्यात, त्यामुळे खंडोबाची दिवटी-बुधली (मशाल आणि तेलाचं भांडं) तर निम्म्या घरांतून येते. बुधलीतलं तेल दिवटीवर कसं ओततात हे एकाने हातवारे करून दाखवलं, तेव्हा मी मागच्या बाकावर जाऊन बसले होते.

प्रत्यक्ष दिवशी

बसमधून उतरल्यावर पहिलं स्वच्छतागृह. दालनात शिरल्यावर दहा मिनिटांनी एकाला लागते, मग त्याच्या जोडीदाराला लागते, मग सगळ्यांनाच. दप्तरं, डबे, पाण्याच्या बाटल्या बसमध्येच ठेवा. मुलाच्या हातात एक वही आणि एक पेन्सिल, बस. पेन नको, शाई कुठे उडेल सांगता येत नाही. खिशात चिठ्ठी: शाळेचं नाव आणि शिक्षकांचा नंबर.

आठ-दहा जणांचे गट करा आणि प्रत्येक गट वेगळ्या वस्तूपासून सुरू करा. सगळे एकदम एका कपाटासमोर गेले तर मागच्या वीस जणांना पुढच्यांची डोकी दिसतात. गटातल्या मोठ्या माणसाला आधी सांगून ठेवा की माहिती द्यायची नाही. हे फार अवघड जातं, विशेषतः आम्हा शिक्षकांना. तोंड शिवशिवतं.

आता एक वस्तू कशी बघायची ते सविस्तर सांगते. अडकित्ता घेऊ.

गट कपाटासमोर उभा राहतो. पहिली दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही, पाटी वाचायची नाही, फक्त बघायचं. दोन मिनिटं म्हणजे फार असतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात खसखस पिकते, एकजण दुसऱ्याला कोपर मारतो. मग हळूहळू नजर स्थिरावते. नंतर मी पहिला प्रश्न विचारते, ‘याची धार कुठल्या बाजूला आहे?’ आता सगळे काचेला नाक लावायला धावतात. (काचेला हात, नाक, कपाळ काहीही लावायचं नाही हे इथे परत सांगावं लागतं.) दोन दांडे, मधे एक खिळा, वरच्या पात्याला धार, खालचं नुसतं आधाराला. ‘मग हा कात्रीसारखा आहे का?’ नाही, कात्रीला दोन्हीकडे धार. ‘मग विळीसारखा?’ इथे वाद सुरू होतो. वाद होऊ द्या. एक मुलगा म्हणाला, ‘बाई, खिळा टोकाला आहे, म्हणून जोर कमी लागतो. आमच्याकडे उसाचं कांडं असंच तोडतात.’ विज्ञानात तरफ शिकवताना मी इतकी वर्षं सी-सॉचं चित्र काढत होते.

मग दुसरा प्रश्न, ‘सुपारी फोडायलाच हवा होता, तर त्याला मोराचं डोकं कशाला?’ या प्रश्नाला उत्तर नसतं, आणि तोच सगळ्यात चांगला चालतो. ‘शोभेला’ हे उत्तर पहिलं येतं. ‘पाहुण्यांपुढे ठेवायला,’ हे दुसरं. एकदा एका शांत मुलीने सांगितलं, ‘बनवणाऱ्याला कंटाळा आला असेल नुसतं सरळ करून.’ मी ते वहीत लिहून ठेवलं आहे.

पाटी सगळ्यात शेवटी वाचायची. आणि मग खाली बसून चित्र, पंधरा मिनिटं. वाटेत बसू नका, कडेला बसा, आणि बसण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. त्यांच्याशी आल्याआल्या दोन शब्द बोलून ठेवावेत. दिवसभर तिथे उभं राहणाऱ्या माणसाला कुठली वस्तू मुलांना आवडते हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. आम्हाला एका मामांनी बोलावून कुलपांचं कपाट दाखवलं आणि विचारलं, ‘किल्ली कुठून घालाल सांगा?’ मुलं तिथून हलेनात. माझ्या पाचात कुलपं नव्हती. मी एक वस्तू गाळली आणि कुलपं घेतली.

चित्र चांगलं येणं महत्त्वाचं नाही, हे मुलांना ठासून सांगा. काढताना दिसतं, एवढ्यासाठी काढायचं. लामणदिव्याच्या साखळीत किती कड्या आहेत हे ती काढेपर्यंत कोणीच मोजत नाही.

छापील प्रश्नावलीचं एक सांगते. दुसऱ्या सहलीला मी तीस प्रश्नांची झेरॉक्स वाटली होती. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. मुलं पाटीवरून पाटीवर पळत होती, एकाने उत्तर लिहिलं की दहाजण त्याच्या पाठीवर कागद ठेवून उतरवून घेत होते. दीड तासात कोणीही मान वर करून एकही वस्तू बघितली नाही. प्रश्नावल्या मात्र सगळ्यांच्या पूर्ण! केंद्रात माझं कौतुकही झालं. आता मी एकही छापील कागद नेत नाही.

संग्रहालयातला मस्तानी महाल हा सगळ्यांनी मिळून बघायचा. सिनेमामुळे मुलांना तो आधीच माहीत असतो आणि अपेक्षा भलत्याच असतात. ‘एवढासाच?’ हे ऐकायची तयारी ठेवा. मी तिथे मस्तानीची गोष्ट सांगत बसत नाही. विचारते, ‘हा महाल मुळात इथला नाही. पहिल्या बाजीरावाने तो कोथरूडला बांधला होता. मग इथे कसा आला?’ मुलं वर छताकडे बघायला लागतात. सुटा करून आणला असेल. मग कुठला तुकडा कुठे, हे कसं लक्षात ठेवलं असेल? नंबर घातले असतील. आमच्या गावात जुने वाडे उतरवताना तुळया, खांब विकले जातात, हे प्रत्येकाने बघितलेलं असतं. ‘आमच्या चुलत्यांच्या वाड्याचे खांब पुण्याच्या हॉटेलवाल्याने नेले,’ असं एकजण म्हणाला. त्यावर मीही काही बोलले नाही.

शेवटची वीस मिनिटं मोकळी. जोडी सोडायची नाही, मजला सोडायचा नाही, बाकी ज्याला जे बघायचं ते बघू दे. ही वीस मिनिटं कापू नका. उशीर झाला तर पाचातली एक वस्तू कापा. या मोकळ्या वेळात दंगा करणारी पोरं कुठे जाऊन उभी राहतात ते बघत राहा, मला दर वर्षी धक्का बसतो. वाद्यांच्या दालनात एक महाखोडकर मुलगा हाताची घडी घालून उभा होता. त्याचे वडील हलगी वाजवतात. ‘बाई, ही कोणी वाजवतच नाही का आता? कातडं सैल पडतं ना मग.’

बाहेर पडताना डोकी मोजा. बसमध्ये चढल्यावर परत मोजा. एकदा ३७ भरली होती; अडतिसावा पुन्हा कुलपांपाशी सापडला.

त्याच दिवशी शनिवारवाडा, सारसबाग, दगडूशेठ, तुळशीबाग सगळं जोडायचा मोह होतो. एकच जोडा. आम्ही बसमध्ये डबे खाऊन जवळच्या विश्रामबाग वाड्याचं लाकूडकाम बाहेरून बघतो आणि परत निघतो. उसाचा रस पाजतोच, त्याशिवाय सहल पूर्ण होत नाही हे मी आता मान्य केलंय.

परतल्यावर

निबंध लिहायला लावू नका. एक उपक्रम चांगला जमतो तो गंजिफाचा. गोल पत्ते, सावंतवाडीला अजून बनतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाचे बारा पत्ते, म्हणजे १२०. वर्गाचे दहा गट पाडायचे, प्रत्येकाला एक अवतार. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद बांगडी ठेवून गोल कापायचे. एक राजा, एक प्रधान आणि दहा साधे पत्ते. मत्स्याच्या गटाला एक ते दहा मासे काढायचे असतात, ते खूश. वामनाच्या गटाला तांबे काढावे लागतात, तेही ठीक. नरसिंहाचा गट मात्र राजाच्या पत्त्यावरच दोन दिवस अडून बसतो.

आणि दुसरं म्हणजे आपलं एका दिवसाचं संग्रहालय. व्हरांड्यात बाकं लावायची, त्यावर चादर, आणि मुलांनी घरून आणलेल्या वस्तू. तलवारी वगैरे नको, आणि सोन्याचांदीचं तर मुळीच नको. प्रत्येक वस्तूला मुलाने स्वतः पाटी लिहायची: नाव, कोणाची, कशासाठी वापरत, हे कोणी सांगितलं. ‘कोणी सांगितलं’ हा रकाना गाळू नका, त्यामुळे आजीचं नाव भिंतीवर लागतं आणि आजी स्वतः बघायला येते. गेल्या वर्षी अकरा आज्या आल्या होत्या. त्यातल्या दोघींनी पाट्यांमधल्या चुका काढल्या आणि मुलांनी तिथल्या तिथे खोडून दुरुस्त केल्या.

वस्तू त्याच संध्याकाळी घरी गेल्या पाहिजेत. एकदा एक कंदील शाळेत राहिला आणि रात्री लाइट गेले, तेव्हा मला घरी फोन आला होता. म्हणून आता पाटीवर परतीची वेळही लिहायला लावते. पाचवीतल्या एका पोराची पाटी अशी होती: ‘पान कुटायचा खलबत्ता. आजीचा. दात पडल्यावर घेतला. चार वाजता परत पाहिजे, तिची पानाची वेळ असते.’